तिजोरीची किल्ली आणि सातबारा

(खापरखेडा येथे महिला मंडळं आणि बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



बायांच्या मालमत्तेचा विषय निघाला की आपण बहुधा ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्याबद्दल बोलतो. परित्यक्ता, विधवा, भूमिहीन मजूर बाई. ते बोलायलाच हवं. पण आज मी उलट्या टोकाकडून सुरुवात करणार आहे. ज्या घरांत मोजता येणार नाही इतका पैसा आहे, तिथल्या बायांचं काय असतं? "हाती पैसा असता तर ही वेळ आली नसती," असं आपल्यातली प्रत्येक जण कधी ना कधी म्हणते. मग पैसा असलेल्या घरातली बाई मोकळी असते का, हे एकदा बघायला नको?

अडचण अशी की त्या घरांत आपल्याला कोणी बसायला बोलावत नाही. गेलो तर मागच्या दाराने, धुणंभांडी करायला. पुढच्या खोलीत काय बोलणी चालतात ते कळण्याचा एक रस्ता म्हणजे कादंबरी. त्या घरात वाढलेलं एखादं माणूस बाहेर पडतं आणि लिहितं, तेव्हा आपल्याला आतलं दिसतं.

केविन क्वान नावाचा एक लेखक आहे. जन्म सिंगापूरचा, १९७३ चा. अकराव्या वर्षी तो अमेरिकेला गेला. २०१३ साली त्याची 'क्रेझी रिच एशियन्स' ही इंग्रजी कादंबरी आली. वेड लागावं इतके श्रीमंत आशियाई लोक, असा त्या नावाचा अर्थ. तिच्यावर २०१८ मध्ये सिनेमाही निघाला. तुमच्यापैकी काहींच्या मुलींनी तो मोबाइलवर पाहिला असेल. पुस्तक विनोदी आहे. पार्ट्या, विमानं, कपडे, खाणं, सगळ्याची चंगळ आहे. पण त्या झगमगाटाच्या मागे जी गोष्ट आहे ती आपल्या ओळखीची आहे.

रेचल नावाची एक मुलगी आहे, न्यूयॉर्कला अर्थशास्त्र शिकवणारी. आई एकटी, कष्टाने वर आलेली. निक नावाच्या मुलाशी तिचं जमलेलं. तो तिला आपल्या घरी, सिंगापूरला घेऊन जातो. तिथे पोचल्यावर तिला कळतं, की हे घराणं अफाट श्रीमंत आहे. आता मुलगी शिकलेली, कमावती, सालस. मग बिघडलं कुठे? बिघडलं असं की तिचं घराणं कोणतं, हे कोणाला माहीत नाही. निकची आई एलेनॉर गुप्तहेर लावून रेचलच्या आईचा भूतकाळ खणून काढते. नवऱ्याच्या छळातून तान्ह्या मुलीला घेऊन जी बाई जीव वाचवून पळाली, तिची ती धडपडच तिच्या मुलीवरचा डाग म्हणून पुढे ठेवली जाते.

आपल्याकडे याला काय म्हणतात? स्थळाची चौकशी. गुप्तहेराच्या जागी मामा असतो, नाहीतर नात्यातली कोणी तरी काकू. "मुलगी चांगली आहे हो, पण आईने दुसरं घर केलेलं आहे." एवढं एक वाक्य पुरतं.

ही एलेनॉर दुष्ट आहे असं म्हणून आपण पुस्तक मिटवू शकतो. पण जरा थांबा. एलेनॉरसुद्धा सासूच्या नजरेत कधी पुरी उतरलेली नाही. त्या मोठ्या घरातलं तिचं स्थान मुलाच्या जोरावर आहे. मुलगा आजीचा लाडका राहिला आणि 'योग्य' घरात त्याचं लग्न झालं, तर तिचं आयुष्य सार्थकी लागलं. म्हणून ती पहारा देते. पहारा देणारीच्या नावावर घर नसतं, पण तिची भाकरी त्या पहाऱ्यावर असते. आपल्या घरातल्या सासवांकडे या नजरेने पाहिलं, तर त्यांचं वागणं माफ होत नाही, पण समजतं.

त्याच कादंबरीत आस्ट्रिड आहे. ती जन्मानेच गडगंज. तिने साध्या घरातला नवरा केला. म्हणजे हिच्याकडे तर पैसा स्वतःच्या माहेरचा! तरी ती काय करते? नवऱ्याला कमीपणा वाटू नये म्हणून आपली खरेदी त्याच्यापासून लपवते. शेवटी तो नवरा, आपलं बाहेर काही आहे असं भासवून संसार मोडायला निघतो, कारण बायकोच्या माहेरच्या पैशाखाली त्याला गुदमरायला होतं. पैसा बाईकडे असला तरी पुरुषाचा मान सांभाळण्याचं काम तिचंच राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, सिंगापूरच्या चिनी लोकांचं आम्हाला काय? पैसेवाल्या घरांत लग्नावर एवढा पहारा का असतो, याचं उत्तर आपल्याकडे फार आधी दिलं गेलेलं आहे. १९१६ साली, पंचविशीतले बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. तिथे त्यांनी जातीवर एक निबंध वाचला. जात टिकते ती आपसातच लग्न करण्याच्या बंधनावर, आणि ते बंधन टिकवायचं तर बाईवर ताबा ठेवावा लागतो, हे त्यांनी त्यात उलगडून दाखवलं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांची संगती त्यांनी तिथे लावली. जातीचं जे, तेच इस्टेटीचं. इस्टेट घराण्यात राहायची असेल तर घरात कोण येतं आणि घरातून कोण काय घेऊन जातं, यावर नजर ठेवावी लागते. येते ती सून आणि जाते ती लेक. म्हणून नजर या दोघींवर.

मुंबईचं बघू. शोभा डे माहेरच्या राजाध्यक्ष, मराठी. १९८९ मध्ये त्यांची 'सोशलाइट इव्हनिंग्ज' ही इंग्रजी कादंबरी आली. मध्यमवर्गीय घरातली करुणा लग्न करून मुंबईच्या श्रीमंत वर्तुळात जाते. ऐषारामाला तोटा नाही, पण त्या घरात तिच्याशी दोन शब्द बोलणारं कोणी नाही. पुढे घटस्फोट होतो, आणि स्वतःच्या कमाईवर उभी राहिल्यावरच तिला स्वतःचा आवाज सापडतो. या पुस्तकाला त्या वेळी अनेकांनी नाकं मुरडली. पण श्रीमंत घरातली बायको म्हणजे घरातल्या सामानापैकी एक, हे तिथे राहून पाहिलेल्या बाईने लिहिलं होतं.

कादंबरी सोडा, खऱ्या घराण्यांकडे या. धीरूभाई अंबानी जुलै २००२ मध्ये वारले. मृत्युपत्र नव्हतं. दोन भावांत वाद झाला. जून २००५ मध्ये आई कोकिलाबेन यांनी तडजोड जाहीर केली आणि उद्योगाचे दोन भाग झाले. ते कोणात? दोन मुलांत. धीरूभाईंना दोन मुलीही आहेत. त्या वाटणीच्या बातम्या देशाने महिनोन्‌महिने वाचल्या, पण मुलींचं काय, हा प्रश्न कोणाला पडल्याचं दिसलं नाही. तडजोड आईने केली, म्हणजे घरात बाईचा शब्द चालला असं म्हटलं गेलं. शब्द चालला खरा, पण वाटा मुलांचा. पुढच्या पिढीत थोडं बदललं हेही सांगायला हवं: २०२३ मध्ये रिलायन्सच्या संचालक मंडळावर दोन भावांबरोबर ईशा अंबानीही आल्या.

चेन्नईच्या मुरुगप्पा घराण्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. तिथले एक कर्ते पुरुष २०१७ मध्ये वारले. मागे पत्नी आणि दोन मुली. थोरली वल्ली अरुणाचलम अणुअभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवलेली. वडिलांचे शेअर या मायलेकींकडे आले. तिने म्हटलं, घराण्याच्या मुख्य कंपनीच्या संचालक मंडळावर आमच्या शाखेला एक जागा द्या. सप्टेंबर २०२० मध्ये भागधारकांच्या सभेत मतदान झालं आणि तिची मागणी फेटाळली गेली. भागधारक कोण? बहुतेक घरचेच. वकील, नोटिसा, न्यायाधिकरण, सगळं करून ऑगस्ट २०२३ मध्ये समेट झाला. डॉक्टरेट, पैसा, वकील, सगळं असलेल्या लेकीला बापाच्या खुर्चीसाठी सहा वर्षं झगडावं लागलं. मग आपल्या सावनेर तालुक्यातल्या लेकीला दोन एकरांसाठी भाऊ तोंडावर दार लावून घेतो, यात नवल काय?

आपल्या विदर्भातही ही गोष्ट सांगितली गेलेली आहे. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये रंगभूमीवर आलं. विदर्भातल्या खेड्यातलं देशपांड्यांचं घर. जमीनदारी गेली, वाडा ढासळतो आहे, अंगणात ट्रॅक्टर गंजतो आहे, तरी घराण्याचा तोरा सुटत नाही. त्या घरातली प्रभा हुशार, पण घराण्याच्या इभ्रतीपायी तिचं शिक्षण थांबवलं गेलं आणि ती वाड्यातच वाळत गेली. घरातलं सोनं मात्र जपून ठेवलेलं. शेवटी नात रंजू शिकवणीच्या मास्तरबरोबर पळून जाते आणि ते दागिनेही घेऊन जाते. माझ्या मनात येतं, त्या सोन्यातलं थोडं प्रभाच्या शिक्षणासाठी मोडलं असतं तर? पण सोनं घराण्याचं असतं. बाईच्या अंगावर ते असतं तेव्हाही ते घराण्याचंच असतं.

सिंगापूर, मुंबई, चेन्नई आणि वऱ्हाडातला वाडा. या सगळ्या घरांत एक गोष्ट समान दिसते. बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. तिजोरी ती उघडते, सोनं ती पुजते, लग्नं ती जुळवते, भांडणं ती मिटवते. पण तिजोरी कोणाच्या नावावर? किल्ली असणं आणि मालकी असणं यात फरक आहे. बाईला किल्ली देऊन मालकीचा भास दिला जातो. मोठ्या घरात तो भास मोठा असतो, एवढंच.

आता खापरखेड्याकडे येऊ. इथे २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा एक, असं १३४० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. शेजारी सिल्लेवाडा, वलनी या कोळशाच्या खाणी. इथली वीज तारांवरून राज्यभर जाते, राख इथेच राहते आणि ती पुसायची कोणी हे तुम्हाला ठाऊक आहे. या केंद्रांसाठी, खाणींसाठी, राखेच्या तळ्यांसाठी वावरं गेली. मोबदला आला, नोकरीचा हक्क आला. एका कुटुंबातून एकाला. तो एक कोण? मुलगा. मुलगा लहान असेल तर जावई नको म्हणून पुतण्या. दहावी झालेली लेक घरात बसलेली असताना तिचं नाव किती घरांनी दिलं? खाणीत कामगार मेला तर वेतन करारात बाईला नोकरी किंवा दरमहा रक्कम असा पर्याय आहे. पण कागदावर तो पर्याय बाईचा असला, तरी निवड तिचा दीर किंवा मुलगा करतो, हे आपण पाहतो. म्हणजे जमीन गेली आणि तिच्या जागी नोकरी आली, तेव्हा इस्टेटीचं रूप बदललं, वारस तेच राहिले.

कायदा काय म्हणतो? उदाहरणाने सांगते. सहा एकर वडिलोपार्जित वावर आहे. आई आधीच गेलेली. मागे बाप, एक मुलगा, एक मुलगी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाप वारला, की आधी बाप-लेकात वाटणी झाली असं धरायचं, तीन-तीन एकर. मग बापाच्या तीन एकरांत मुलगा आणि मुलगी, दीड-दीड. म्हणजे भावाला साडेचार, बहिणीला दीड. हिंदू कोड बिलाचे लचके तोडले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्या लढ्यानंतर एवढं पदरात पडलं होतं.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर तो हक्क आला आणि लग्नाची अट गेली. बाप त्या दिवशी जिवंत होता की नव्हता, असा घोळ बरीच वर्षं चालला. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी मिटवला: हक्क जन्माने आहे, बाप जिवंत असण्याशी त्याचा संबंध नाही. फक्त २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या उघडता येत नाहीत. म्हणजे आज त्या सहा एकरांत भाऊ तीन, बहीण तीन.

हा कायदा आपल्या बौद्ध भगिनींनाही लागू आहे. मुस्लिम भगिनींना त्यांच्या कायद्याने मुलाच्या निम्मा वाटा आहे, पण तोही भावाला 'माफ' करून टाकायला लावतात. आदिवासींना १९५६ चा कायदा लागू नाही, आणि रूढी सांगून गोंड लेकीला बाहेर ठेवलं जातं. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मुलींना वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसेल तर केवळ बाई म्हणून वाटा नाकारता येणार नाही. आपल्या जिल्ह्यातल्या गोंड पाड्यांवर ही बातमी आपण पोचवायला हवी.

मग एवढे कायदे असून सातबारावर बाईचं नाव का दिसत नाही? कारण हक्कसोडपत्र. बाप गेला, तेराव्याला लेकी जमल्या, की भाऊ म्हणतो, "ताई, एक सही लागते. तहसीलचं काम आहे." किंवा वहिनी म्हणते, "राखीला यायचं ना?" त्या सहीच्या बदल्यात मिळते साडीचोळी. आणि माहेर. म्हणजे माहेरी चार दिवस येण्याचा परवाना. मी बायांना विचारते, वाचलं होतं का? उत्तर येतं, "भावाच्या घरी कागद वाचत बसू का?" हुंड्याचंही कारण सांगतात: "तुझ्या लग्नात तुझा वाटा दिला ना." हुंडा दिला सासरच्या हातात, त्यातलं तिच्या नावावर किती राहिलं?

माहेर तुटेल ही भीती खोटी नाही. सासरी मार खाणाऱ्या बाईला माहेर हा एकच आसरा असतो. तो आसरा ती तीन एकरांनी विकत घेते. पण ज्या बाईला सासरहून हाकललं, तिला सही केल्यावर माहेराने किती दिवस ठेवून घेतलं, याचा हिशेब इथे बसलेल्या बायाच सांगू शकतील. तीन एकर नावावर असलेली बहीण माहेरी येते तेव्हा ती पाहुणी नसते.

आणखी एक गोष्ट. त्याच १९५६ च्या कायद्याप्रमाणे, बाईने स्वतः कमावलेली मालमत्ता, मूलबाळ आणि नवरा नसेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. आईबाप त्यानंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण होतं. नवरा मेल्यावर सासरहून हाकललेली बाई माहेरी शिकली, नोकरी केली. ती गेल्यावर तिची शिल्लक तिच्या आईच्या हाती पडली नाही, सासरच्यांना मिळाली. कायद्याची ही ओळ बदलायलाच हवी. तोवर आपल्या हाती एक उपाय आहे: मृत्युपत्र करा. ते करायला श्रीमंत असावं लागत नाही.

आता एक सावधगिरीचा शब्द. श्रीमंत बाईचीही कोंडी होते, म्हणून ती आणि आपण एकाच नावेत आहोत, असं मी म्हणत नाही. क्वानच्या कादंबरीतल्या त्या मोठ्या घरांत पदोपदी मोलकरणी आहेत. त्यांना गोष्ट नाही. खऱ्या सिंगापुरात इंडोनेशिया, फिलिपाइन्स, म्यानमारहून आलेल्या लाखो बाया घरकाम करतात. तिथला मुख्य कामगार कायदा त्यांना लागूच नाही. आठवड्याची एक सुट्टी त्यांना नियमाने मिळाली ती २०१३ पासून, आणि त्यातल्याही बऱ्याचशा सुट्ट्या पैसे घेऊन सोडता येतात. आपल्याकडे घरकामगार मंडळाचा कायदा २००८ चा, पण पगारी सुट्टी मागितली की बाई बदलतात. मालकीणबाईच्या मोकळ्या वेळेची किंमत मोलकरीण चुकवते. तेव्हा श्रीमंत बाईच्या दुःखाबद्दल सहानुभूती असू द्या, पण तिच्या घरातल्या मोलकरणीची मजुरी विसरून नको.

काही गोष्टी आपण आपल्या पातळीवर करू शकतो. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' नावाने बायकोच्या नावावर जमीन करण्याची मोहीम गावोगाव चालवली होती. कुठे चार गुंठे, कुठे एकर. पुरुषांनी दिली म्हणून मिळाली, हा तिचा कमकुवतपणा होता. आता द्यायची वाट पाहायची नाही, कारण लेकीचा हक्क कायद्यात आहे.

प्रत्येक गटाने एक वही करावी. गटातल्या बाईचं नाव कोणत्या कागदावर आहे ते लिहावं: माहेरचा सातबारा, सासरचा सातबारा, घराचा नमुना आठ, घरकुल, बँकेचं खातं. कोरे रकाने मोजा. वारसनोंदीचा फेरफार झाला असेल तर तलाठ्याकडून नक्कल काढा, त्यात लेकींची नावं आहेत का पाहा. तेराव्याच्या दिवशी कोणत्याच कागदावर सही करायची नाही, असा ठराव करा. कोणी मागितली तर म्हणा, कागद गटात वाचून आणते. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, आणि एकदा नोंदवलं की मागे घेणं फार कठीण.

आणि एक काम घरातलं, अवघड. आपल्यातल्या किती जणींनी आपल्या नणंदेची सही घेतली आहे? तेव्हा आपण पहाऱ्यावर होतो, एलेनॉरच्या जागी. लेकीसाठी वाटा मागायचा असेल तर नणंदेचा वाटा कबूल करावा लागेल. दोन्ही एकाच सातबारावरच्या गोष्टी आहेत.

मी बोलले ते पुरे. आता तुम्ही बोला. कोणाच्या नावावर काय आहे, इथूनच सुरुवात करू.